मदत हवी आहे: वर्गात कांजिण्या, बाकावरच्या सोबत्यांचं काय करू?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेजवळच्या एका शाळेत दुसरीला शिकवते. सुट्टीनंतर शाळा उघडून जेमतेम आठवडा झाला आणि एका मुलाला कांजिण्या निघाल्या. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तो घरीच राहील. प्रश्न आहे त्याच्या बाकावरच्या दोघांचा आणि व्हॅनमधल्या मुलांचा. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होऊ शकते, आणि लक्षणं दिसायला १० ते २१ दिवस लागतात. मग धडधाकट मुलांना तीन आठवडे घरी बसवायचं? मला ते पटत नाही. रोज सकाळी ताप, पुरळ बघून वर्गात घेतलं तर चालेल ना? तुमच्या शाळांत काय केलंत?

जास्त काळजी आमच्या एका सहशिक्षिकेची आहे. तिला पाचवा महिना आहे आणि लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे तिच्या आईलाही आठवत नाही. तिला आजच डॉक्टरांकडे पाठवलं.

इकडे बरेच पालक ‘छोटी माता’ म्हणून घरीच सगळं करतात, शाळेला कळवत नाहीत. त्यांची श्रद्धा न दुखावता, मुलाचं नाव न घेता पाठवता येईल असा मजकूर कुणाकडे आहे का? मराठी किंवा हिंदी, कोणताही चालेल. उद्या सकाळीच पाठवायचा आहे.