मदत हवी आहे: आमच्या चिंचांवरची वटवाघळं खरंच घटली, की माझंच मोजायला चुकतंय?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कराडपासून तासाभरावर, नदीकाठी. गावाबाहेर पडक्या वाड्यामागे तीन चिंचा आणि एक वड आहे, त्यांवर मोठी फळखाऊ वटवाघळं लटकतात. आजी सासरी आली तेव्हाही होती म्हणे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये भर दुपारी दुर्बीण लावून एकेक फांदी मोजली, 340 भरली. मध्यंतरी रस्ता रुंद करताना चौथी चिंच गेली. यंदा जूनअखेर संध्याकाळी, बाहेर पडताना मोजली, तर 205च. म्हणजे 40 टक्के घट! पुढच्या ग्रामसभेत हा आकडा मांडून उरलेली झाडं वाचवायची आहेत. अर्ज लिहून तयार आहे. पण त्याआधी जाणकारांनी सांगा, आकडा टिकेल का? आणि अर्ज नक्की कुणाकडे करायचा?

— वाड्यामागचा

चिकूवाला: तुमचं प्रेम समजतं, पण आमच्या बागेत येऊन बघा. सकाळी झाडाखाली अर्धवट चावलेल्या चिकवांचा सडा असतो. घटली असतील तर माझ्याकडून पेढे.

निशाचर: चिकूवाले, पेढे राहू द्या, जाळी घाला. पण फळापासून हातभर लांब आणि ताणून बांधा. सैल जाळीत अडकून ती मरतात, चिकूही जातात.

वाड्यामागचे, आता तुमचं. तो 40 टक्क्यांचा आकडा अर्जातून आजच काढा. मार्चची दुपार आणि जूनची संध्याकाळ यांची तुलनाच होत नाही. दुपारी तुम्ही लटकलेली मोजलीत, संध्याकाळी उडालेली. मादीला वर्षाला एकच पिल्लू. आपल्याकडे ती साधारण फेब्रुवारी ते मे या काळात वितात. कोवळं पिल्लू आईच्या पोटाला चिकटलेलं, पंखाआड, दुर्बिणीतूनही धड दिसत नाही. थोडं मोठं झालं की आई त्याला झाडावर ठेवून चरायला जाते, म्हणजे ते संध्याकाळच्या मोजणीतून गळतं. शिवाय उंबर-जांभळं कुठे पिकलीत त्यावर थवा काही दिवस दुसरीकडेही मुक्काम टाकतो. आणि जूनचं आभाळ! ढग असले की सात-साडेसातला काळ्यावर काळं काय दिसणार?

एक विचारतो: कुठल्या बाजूला उभे होता?

वाड्यामागचा: वाड्याच्या पायरीवर. तिथून चिंचा समोर दिसतात. वड मागे राहतो, पण बाहेर पडणारी सगळी डोक्यावरूनच जातात... असं वाटलं होतं.

निशाचर: तिथेच चुकलं. वडावरची नदीकडून निघत असतील. दोघं जण लागतील, एक पायरीवर, एक नदीकडे. पश्चिमेचा उजेड वाघळांच्या पाठीशी राहील असं उभं राहायचं, म्हणजे आकृती उठून दिसते. सूर्य मावळण्याआधी पोचा, शेवटचं दिसेनासं होईपर्यंत हलू नका. नामजपाचं बोटात घालायचं काउंटर मिळतं ना, ते घ्या. गर्दी उसळली की दहा-दहाचा एक ठोका. बॅटरीचा झोत टाकायचा नाही. लागोपाठ तीन संध्याकाळी मोजा, तिन्ही आकडे लिहा. सरासरीच्या मागे लपू नका.

आणि मे महिन्यात झाडाखाली मेलेली सापडली होती का?

वाड्यामागचा: हो, तीन. गावात लगेच 'निपा आला' (वटवाघळांतून माणसात येऊ शकणारा विषाणू) म्हणून बोंब झाली. तेव्हापासून झाडं तोडा म्हणणारे वाढलेत.

पाणवठा: उन्हाने गेली असतील. पारा चाळिशीच्या वर चढला की ती पंखांनी वारा घेतात, अंगाला थुंकी चोपडतात, तरीही भागलं नाही की टपाटप पडतात. मे 2020 मध्ये गोरखपूरजवळ अशीच ढिगाने मेली, सगळ्यांना कोरोना आठवला. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने तपासलं, तर कारण उष्णता. तरी मेलेलं हाताने उचलू नका, फावड्याने खड्ड्यात पुरा. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेला निपाची प्रतिपिंडं मिळाली होती, तेव्हा भीती अगदीच हवेतली नाही. चावलेलं फळ खायचं नाही, झाडाखाली मुलांना खेळू द्यायचं नाही, एवढं पाळा. झाडं तोडून मात्र हीच वाघळं घराजवळच्या झाडांवर येतील.

जवळ उघडं पाणी हवं. उडता उडता पोट पाण्याला टेकवतात आणि मग फांदीवर लटकून ते भिजलेलं पोट चाटतात. उन्हाळ्यात नदी आटते का तेही नोंदवा.

सातबारा: अर्जाचं सांगतो. वन्यजीव कायद्यात ही वाघळं पूर्वी उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला, पाचव्या अनुसूचीत 'उपद्रवी' म्हणून होती. 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. झाडं तोडायला आजही परवानगी लागते, पण 1964 च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या यादीत चिंच आहे, वड नाही. तेव्हा वडाकडे जास्त लक्ष द्या. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते (बहुतेक ठिकाणी कागदावरच), तिच्याकडून लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडाप्राण्यांची नोंद) हे ठिकाण चढवून घ्या. तोडायला कुणी आलंच तर वनविभागाचा 1926 क्रमांक.

आणि इथे गावाचं नाव, नकाशा टाकू नका. सांधेदुखीच्या तेलासाठी मारणारे अजून फिरतात.

वाड्यामागचा: सगळ्यांचे आभार. या आठवड्यात तीन संध्याकाळी मोजलं. नदीकडे पुतण्याला उभं केलं, आठवीत आहे, माझ्यापेक्षा नजर तेज. आकडे: 288, 301, 274. नदीकडूनच रोज शंभराच्या आसपास जातात आणि मला पत्ताच नव्हता! दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या सदऱ्यावर उंबराच्या बियांची विष्ठा पडली, त्याला ते मोजणीपेक्षा जास्त आवडलेलं दिसलं.

अर्जातून घट काढली. आता एवढंच लिहिलंय की, 'तीन चिंचा व एका वडावर सध्या पावणेतीनशे ते तीनशे वटवाघळांचा वास आहे', खाली तीन तारखा, वेळा, मोजणाऱ्यांची नावं. मार्चमध्ये पुन्हा भर दुपारी, त्याच दुर्बिणीने मोजणार. चिकूवाले, पेढे तोवर थांबवा.