धावायला लागून अडीच महिने झाले, वजन ढिम्म आणि चार वाजता डोळ्यांपुढे अंधारी. खायचं काय नक्की?

पुळणीवरची

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत राहते, वय ३७, उंची ५ फूट २ इंच. शिमगा झाल्यावर धावायला सुरुवात केली तेव्हा वजन ७४.५ होतं, काल काट्यावर उभी राहिले तर ७४.१. अडीच महिन्यांत चारशे ग्रॅम, तेही मधे केस कापले त्याचेच असणार. आठवड्यातून चारदा भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर जाते, पहिला महिना थोडं धाव थोडं चाल असं केलं, आता सलग ४ किमी होतात, हळू पण न थांबता, आणि त्याचा आनंद आहेच.

प्रॉब्लेम खाण्याचा आहे. साडेपाचला उठते, चहा घेते आणि निघते. सातला घरी, मग डबा, अंघोळ, नऊला परत चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी दीडला ऑफिसात दोन चपात्या, भाजी, काकडी. भात पूर्ण बंद केलाय, एका रीलमध्ये बघितलं होतं की भात सोडला की पोट उतरतं. चार वाजले की हातपाय गळतात, कॉम्प्युटरवरची अक्षरं हलायला लागतात, मग ड्रॉवरमधला चिवडा, नाहीतर हल्ली नवे काजूगर आलेत ते मूठभर. रात्री नऊला जेवायला बसले की उठवत नाही, भाकरी, आमटी, मासे, वर सध्या आंबा कारण मुंबईची मंडळी आलीत आणि घरात पेट्या उघड्या आहेत. सासूबाईंच्या मते भात न जेवणारा माणूस म्हणजे तापाने पडलेला, त्यामुळे रोज एक तह करावा लागतो तो वेगळाच.

ताकद पण हवी आणि वजन पण उतरायला हवं, दोन्ही एकदम होतं का? प्रोटीन पावडर वगैरे घ्यायची नाहीये, घरात जे शिजतं त्यातलंच सांगा.

ओहोटीचा माणूस

ताई, आधी हिशोब करू. धावताना अंगातल्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी जाते, म्हणजे तुमचे ७४ किलो गुणिले ४ किमी, धरा ३००. चार दिवसांचे १२००. एक किलो चरबी म्हणजे ७७०० च्या आसपास. म्हणजे खाणं आहे तेवढंच ठेवून नुसत्या धावण्यावर एक किलो उतरायला सहा आठवडे लागतात, आणि तुमचं खाणं आहे तेवढंच राहिलेलं नाहीये, ते चार वाजता आणि नऊ वाजता वाढलंय.

काजूगर मूठभर म्हणता ना, मी पण तेच म्हणायचो. एक दिवस बायकोच्या केकच्या काट्यावर माझी मूठ रिकामी केली, ४२ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ २४० कॅलरी, आणि दुसरी मूठ कधी गेली ते तर आठवतही नव्हतं. तुम्ही जो भात सोडलात तो वाटीभर शिजलेला, दीडशे ग्रॅम धरला तरी २०० कॅलरीच्या आतबाहेर. भात गेला आणि त्याच्या जागी काजू आले, सौदा कुठे फायद्याचा झाला?

दुसरं म्हणजे तुम्ही पुळणीवर धावता. ओली घट्ट वाळू वेगळी आणि वरची सुकी भुसभुशीत वाळू वेगळी, सुक्या वाळूत तेवढ्याच अंतराला दीडपटीहून जास्त ताकद जाते. त्यामुळे आपण सगळे ओहोटी बघून जातो, पण ओहोटी रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज सहाला घट्ट वाळू मिळाली तर चार दिवसांनी सव्वानऊला, आणि त्यावेळी तुम्ही ऑफिसच्या वाटेवर. मग एकतर भरतीत सुरूच्या झाडांच्या कडेने मऊ वाळूत रडत धावायचं किंवा संध्याकाळी जायचं. माझा नियम असा की भरती असली तर सरळ रस्ता धरायचा. आणि संध्याकाळी धावायचं असेल तर पाच वाजता एक केळं खाऊन, कारण दुपारच्या जेवणावर तोपर्यंत काही शिल्लक नसतं.

वेगाचं पण सांगतो, धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नवीन माणूस निम्म्या वेळा जास्त जोरात धावतो आणि मग दिवसभर भूक भूक करतो.

मालवणी पेज

गो बाय, भात सोडलंस आणि काजू धरलंस, ह्या खयचा डाएट? आमची आजी शेतात जाणाऱ्या माणसांक सकाळी पेज देय, वांगडा खारातली कैरी नायतर सुको बांगडो, आणि ती माणसां दुपारपर्यंत चिखलात उभी ऱ्हवत.

असो, सगळ्यांना कळेल असं लिहितो. उकडा तांदूळ मूठभर, ३०-४० ग्रॅम, रात्री भिजत घाला. सकाळी भरपूर पाण्यात शिजवा, शितं फुटायला लागली की गॅस बंद, पार लगदा करू नका, वर निवळ राहिली पाहिजे. मीठ चांगलं घाला. निघायच्या अर्धा तास आधी त्यातली वरची निवळ आणि चार चमचे शितं, एवढंच. पोटात गुडगुडत नाही आणि ताकद लगेच मिळते. उरलेली पेज धावून आल्यावर, तिच्याबरोबर दोन उकडलेली अंडी किंवा कालची कुळथाची पिठी. आणि उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा चांगला असं म्हातारी माणसं म्हणतात ते खोटं नाही, टरफलासकट उकडतात तेव्हा कोंड्यातलं बी१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, मग नंतर कांडलं तरी बरंचसं टिकतं.

अर्ध्या तासाचा वेळ मिळत नसेल तर अर्धं केळं. पण नुसता चहा नको.

फास्टिंगवाला

मी १६-८ करतो, म्हणजे सोळा तास उपास आणि आठ तासांत खाणं, उपाशीपोटी धावतो, ५ महिन्यांत ९ किलो कमी. उपाशी धावलं की चरबी जळते हे सरळ सायन्स आहे. पेजबिज कशाला, सकाळी काही नको. ताई तुम्ही नऊचं बिस्कीट पण बंद करा, डायरेक्ट दुपारी जेवा.

ओहोटीचा माणूस

फास्टिंगवाले, तुमचे ९ किलो तुम्हाला लखलाभ, खरंच. उपाशी धावताना त्या अर्ध्या तासात चरबी जास्त वापरली जाते हे बरोबर आहे. पण दिवसाचा एकूण हिशोब तोच राहिला तर वजनात त्याचा वेगळा असा फायदा दिसत नाही. तुम्ही कमी खाल्लंत म्हणून उतरलात. या ताईंना उपाशी राहून चार वाजता चक्कर येतेय आणि नऊला त्या सगळं भरून काढतायत, त्यांना अजून सहा तास उपाशी ठेवून काय साधणार?

आणि उलट बाजूने पण सांगतो, ४ किमीसाठी जेल, एनर्जी ड्रिंक यांच्या मागे लागू नका. नीट जेवणाऱ्या माणसाच्या स्नायूंत आणि लिव्हरमध्ये तासभर आरामात पुरेल एवढा साठा असतो. पेज ही पोटाला आधार म्हणून.

दवाखान्यातली

मी नर्स आहे, दापोलीकडे. सगळे कॅलरी मोजतायत पण मला ते "अक्षरं हलायला लागतात" वाचून थांबावंसं वाटलं. ताई आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, जमल्यास फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि साखर. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमीच समजायचं, आणि आपल्याकडे ९-१० वर घर, शेत, नोकरी सगळं रेटणाऱ्या बायका रोज बघते, त्यांना वाटतं दमणं हा स्वभावच आहे. पाळी जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. वजन न हलण्यामागे थायरॉइड निघाला असंही होतं.

तुमचा चहा दोनदा बरोबर चुकीच्या वेळी आहे. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं, तासभर तरी मधे जाऊ दे. उलट लिंबू, आवळा, पेरू याने लोह जास्त लागतं. नाचणी खा पण लोहासाठी नाही, नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोहासाठी तिसऱ्या, कालवं असे शिंपल्यातले प्रकार उत्तम, बी१२ पण त्यातच मिळतं. पाला म्हणाल तर शेवग्याचा.

आणि प्रोटीन. तुमच्या वजनाला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम तरी हवं. तुम्ही लिहिलंय त्यात रात्रीचा मासा सोडला तर प्रोटीन आहेच कुठे? दोन अंड्यांत १२ ग्रॅम, मध्यम बांगड्यात २० च्या आसपास, वाटीभर मुगाच्या उसळीत ७-८. डब्यात चपातीभाजीबरोबर उसळ किंवा दही येऊ दे, चार वाजताची भूक निम्मी तिथेच मरते. चार वाजता चिवड्याऐवजी मूठभर भाजलेले चणे आणि ताक.

पुळणीवरची

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. रक्त शनिवारी देते. दोन प्रश्न. एक, खोबरं. आमच्याकडे रोज एक नारळ फुटतो, चार माणसं. दोन, घाम. चार किमी झाल्यावर टीशर्ट पिळून निघतो, शहाळं पिते, तरी दुपारपर्यंत डोकं दुखतं.

मालवणी पेज

एका नारळाचं खोबरं पाव किलो ते तीनशे ग्रॅम, त्यात हजाराच्या आसपास कॅलरी. चार माणसांत वाटलं तरी प्रत्येकाच्या ताटात अडीचशे, म्हणजे तुमचं सकाळचं धावणं जवळजवळ वाटपात, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणात गेलं. नारळ बंद करायला सांगणार नाही, मी स्वतः करणार नाही. अर्धा नारळ करा. माशाच्या सारात वाटप कमी, कोकम आणि तिरफळ जास्त, चव उलट खुलते. तळलेल्या तुकडीऐवजी तव्यावर चमचाभर तेलात. आंब्याला घाबरू नका, एका मध्यम हापूसच्या गरात शंभरएक कॅलरी, धावून आल्यावर खा. आमरसाच्या वाटीबरोबर पुऱ्या मोजल्या जात नाहीत, खरा घोळ तिथे आहे.

दवाखान्यातली

घामाचं असं करा, धावायच्या आधी आणि नंतर कपडे बदलून, अंग पुसून वजन करा. मधे पाणी प्यायलं नसेल तर जेवढं कमी भरेल तेवढं पाणी गेलं, अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर. मे महिन्यात एवढी दमट हवा असते की घाम सुकतच नाही, म्हणून अंग गार होत नाही आणि अजून घाम येतो. शहाळ्यात पोटॅशियम चांगलं असतं पण मीठ कमी, आणि घामातून जातं ते मुख्यतः मीठ. घरचं आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा आंबट रस असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर, मीठ, भरडलेलं जिरं, साखर अगदी थोडी. बाटलीतलं गोड कोकम नको, त्यात पाकच जास्त. बीपी असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

पुळणीवरची

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, पाहुणे आणि पाऊस दोन्ही एकदम.

रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन १०.६. थायरॉइड आणि साखर नॉर्मल. गोळ्या सुरू झाल्यात, लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा दहाला ढकललाय. घामाचं वजन केलं तर एका दिवशी ७०० ग्रॅम कमी भरलं, विश्वासच बसेना म्हणून परत उभी राहिले. आगळाचं पाणी सुरू केल्यावर डोकं दुखणं थांबलं.

पेज करतेय. पहिल्या दिवशी सगळी वाटी प्यायले आणि अर्ध्या वाटेत पोट असं हिंदकळायला लागलं की चालत परत आले. आता फक्त निवळ आणि चार चमचे, जसं सांगितलं होतं तसं. दुपारी डब्यात एक चपाती, वाटीभर भात आणि उसळ. भात परत आला म्हणून सासूबाई एवढ्या खूश की अर्ध्या नारळावर काही बोलल्याच नाहीत. चार वाजता अंधारी येत नाही, आठवड्यातून एखाद वेळा थोडं गळल्यासारखं होतं. वजन ७३.२.

आता अडचण अशी की १ जूनपासून मासेमारीला बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत ताजे मासे म्हणजे खाडीतलं काय मिळेल ते. समुद्र खवळलाय म्हणून पुळणीवर जाणंही बंद, रस्त्यानेच धावते. सुकट, सोडे अशी सुकी मासळी चालेल ना प्रोटीनला?

मालवणी पेज

चालेल काय, धावेल. सुक्या माशात पाणी नसतं म्हणून तेवढ्याच वजनात प्रोटीन ताज्यापेक्षा कितीतरी जास्त. फक्त खारवलेला असेल तर आधी दोन पाण्यांतून काढ, आणि त्या दिवशी आगळाच्या पाण्यात वेगळं मीठ घालू नको. सोडे घालून वांग्याची भाजी कर, खोबरं लागतच नाही.