काम नसतानाही ग्राफिक्स कार्ड ५८ अंशांवर: पंखे कायम चालू ठेवावेत की नाही?

अकोलेकर

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग घरूनच करतो. मशीन सकाळी सुरू होतं ते रात्रीच बंद होतं. कार्ड एएमडीचं आरएक्स ६७०० एक्सटी, प्रोसेसर रायझेन ५ ५६००, दोन मॉनिटर. सगळे प्रोग्राम बंद, नुसता डेस्कटॉप उघडा, तरी कार्ड ५८ अंशांवर. खोलीत कूलर लावून ३४ अंश असतात. बाहेरचं विचारू नका, अकोल्याचा मे आहे.

कार्डाचे पंखे मात्र जागचे हलत नाहीत, कारण कंपनीने दिलेलं झिरो आरपीएम. ठरावीक तापमान गाठेपर्यंत पंखे बंदच. मी ॲड्रेनलिनमध्ये (एएमडीच्या कार्डांचं सॉफ्टवेअर) जाऊन ते काढून टाकलं आणि पंखे ३० टक्क्यांवर बांधून ठेवले. दहा मिनिटांत ४५.

माझं मत सरळ आहे. २२ अंशांच्या खोलीत बसणाऱ्यांना झिरो आरपीएम ठीक. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात मात्र नवीन कार्ड बसवलं की पहिल्याच दिवशी ते बंद करावं. कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. शांततेसाठी मी कार्डाचं आयुष्य का घालवू? ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहावं.

खटपट्या

पटत नाही. कारण देतो.

तुमची खोली ३४, कार्ड ५८. म्हणजे काहीही न करता कार्ड खोलीपेक्षा २४ अंश वर आहे. हे कार्ड एका मॉनिटरवर शांत बसलं की १० वॅटच्या आसपास खातं. तेवढ्याने एवढा मोठा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्या) २४ अंश तापत नाही, पंखे बंद असले तरी. तुमचं कार्ड रिकामं बसलेलंच नाही. पंखे लावून तुम्ही उष्णता बाहेर फेकलीत, पण ती तयार का होतेय हे पाहिलंच नाहीत.

दोन आकडे सांगा: काहीही चालू नसताना वॅट किती आणि मेमरी क्लॉक, म्हणजे कार्डाच्या मेमरीचा वेग, किती? आणि दोन्ही मॉनिटरचे रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते.

अकोलेकर

वॅट ३४. मेमरी क्लॉक १९९० मेगाहर्ट्झच्या आसपास, खाली येतच नाही. एक मॉनिटर १४४ हर्ट्झ, दुसरा जुना ६० चा.

खटपट्या

मग कारण सापडलं. मेमरी पूर्ण वेगाने पळतेय.

असं का होतं ते सांगतो, कारण बरेच जण इथेच चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलायला धावतात. कार्ड पडद्यावर चित्र ओळीओळीने पाठवतं. मेमरीचा वेग बदलायचा तर तो दोन चित्रांमधल्या बारीकशा उसंतीत बदलावा लागतो, नाहीतर पडदा लुकलुकतो. मॉनिटर एकच असेल तर ती उसंत ठरलेली असते. १४४ आणि ६० च्या दोन मॉनिटरांची उसंत एका वेळी येत नाही, म्हणून ड्रायव्हर धोका पत्करत नाही आणि मेमरी वरच्या वेगाला बांधून ठेवतो. एएमडीच्या ६००० आणि ७००० मालिकेत ही तक्रार जुनी आहे. ७००० मालिकेच्या वेळी तर एएमडीने स्वतःच ड्रायव्हरच्या माहितीत ती ज्ञात अडचण म्हणून नोंदवली होती.

दोन्ही मॉनिटर ६० वर आणून बघा. किंवा १४४ चा १२० करा, म्हणजे तो ६० च्या पटीत येतो. सगळ्या मॉनिटरवर चालेलच असं नाही, पण पाच मिनिटांचं काम आहे. दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा असंही म्हटलं असतं, पण तुमच्या ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही.

तापमापी

मी धागाकर्त्याच्या बाजूने. खटपट्या म्हणतात ते कारण खरं असेल, पण सगळ्यांच्या घरी दोन मॉनिटर नसतात आणि उन्हाळा सगळ्यांकडे असतो.

माझ्या जळगावच्या घरी एकच मॉनिटर आहे. झिरो आरपीएम चालू ठेवलं की एप्रिल-मेमध्ये कार्ड नेमकं पंखा सुरू होण्याच्या उंबरठ्यावर रेंगाळतं. यूट्यूब लावलं की पंखे भर्रकन सुरू, अर्ध्या मिनिटात बंद, परत सुरू. दिवसभर हाच खेळ. मंद पण सतत फिरणारा पंखा बेअरिंगला यापेक्षा बरा. दुसरं म्हणजे तापमानाची वर-खाली. २००८ च्या जुलैमध्ये एन्व्हिडियाला लॅपटॉपच्या सदोष चिपांसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले, ते चिपखालचे जोड तापून-थंड होऊन कमकुवत व्हायचे म्हणूनच ना? तापमान एका जागी ठेवा.

खटपट्या

तापमापी, २००८ चं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. जोडांना त्रास होतो तो गरम आणि थंड यांतल्या अंतराचा. एडिटिंग करताना कार्ड समजा ८० ला जातं. रिकामं असताना ५८ असेल तर फरक २२ चा, पंखे लावून ४५ वर आणलंत तर ३५ चा. म्हणजे पंख्याने तुम्ही झोका मोठाच केलात. त्यामुळे कार्ड मरेल असं मी म्हणत नाही, तेव्हाच्या त्या चिपांचं साहित्यच कमकुवत होतं. पण हा युक्तिवाद कायम पंख्याच्या बाजूने वापरता येत नाही.

उंबरठ्याचा मुद्दा मात्र मान्य. त्याला उपाय आफ्टरबर्नर या कार्डाचे पंखे-क्लॉक हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पंख्याच्या टॅबमध्ये हिस्टेरेसिसची जागा आहे, तिथे ८-१० अंश भरा. पंखा एकदा सुरू झाला की तेवढं थंड होईपर्यंत थांबत नाही.

पेचकस

पुण्यात दुरुस्तीचं काम करतो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगायचंय.

आधी पंख्याबद्दल. माझ्या टेबलावर नुसतं रिकामं बसून तापल्यामुळे मेलेली चिप आलेली मला आठवत नाही. पंखे गेलेली कार्डं मात्र सारखी येतात. गेल्या आठवड्यात एक उघडलं. पंख्यांची चौकट उचलली तर हीटसिंकच्या पात्या दिसेचनात. करड्या लोकरीची गादी अंथरल्यासारखा थर, बोटाने सोलला तर अख्खा निघाला. गिऱ्हाईक म्हणालं, पंखे वर्षभर ५० टक्क्यांवर ठेवले होते. आणि मशीन कूलरच्या समोर. अकोलेकर, हे तुमच्यासाठी लिहितोय. कूलरची हवा ओली असते. ओल्या हवेत धूळ नुसती बसत नाही, चिकटते. पंखे कायम चालवायचे असतील तर मशीन कूलरच्या झोताबाहेर हवं आणि दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारायला हवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी फिरू देऊ नका.

थर्मल पेस्टबद्दल खटपट्यांनी ओझरतं लिहिलं, मी हिशेब देतो. समजा २०० वॅटच्या भाराला नव्या पेस्टने ८ अंश उतरले. १० वॅटला त्याच प्रमाणात अर्धा अंशही उतरणार नाही. आयडलचं, म्हणजे कार्ड रिकामं असतानाचं, तापमान कमी करायला पेस्ट बदलू नका, उगाच वॉरंटीचं स्टिकर फाटतं. अंडरव्होल्टचंही (चिपचं व्होल्टेज कमी करण्याचंही) तेच. भाराखाली तो उत्तम, पण रिकामं असताना कार्ड आधीच सगळ्यात खालच्या व्होल्टेजवर असतं.

आणि ते कॉम्प्युटर टेबल! बाजूला सीपीयूसाठी कप्पा, मागे प्लाय, पुढे दार. कॅबिनेट त्यात कोंबलेलं असतं आणि लोक आफ्टरबर्नरचे आलेख काढत बसतात. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून टेबलावर ठेवल्यावर एका गिऱ्हाइकाचं कार्ड ७ अंशांनी उतरलं, माझ्या डोळ्यांसमोर. बाकी काही हात लावला नव्हता.

सागरकिनारी

रत्नागिरीहून. आमच्याकडे ३३ च्या वर क्वचित जातं, पण हवा खारी आणि दमट. मी पंखे बंद ठेवण्याच्या बाजूने. जेवढी हवा कार्डातून ओढाल तेवढं मीठ आत. माझ्या कार्डाच्या ब्रॅकेटचे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजले. ५० अंश आयडल असलं तरी मला चालतं.

बाणेर_ए७५०

इंटेल आर्कवाल्यांसाठी एक भर, इथल्या वादापेक्षा वेगळी. माझं ए७५० रिकामं बसून ४० वॅट खात होतं. बायोसमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचं (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या जोडणीचं) एएसपीएम, म्हणजे रिकाम्या वेळी वीज वाचवणारी सोय, चालू करून एल१ निवडलं आणि विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये लिंक स्टेटला सगळ्यात जास्त बचत दिली. वॅट निम्म्याहून खाली आले. हा मार्ग इंटेलनेच सुचवलेला आहे. एन्व्हिडियावाल्यांनी कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर मोड ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’वर राहिलाय का ते बघा. कुठल्यातरी व्हिडिओत बघून लोक तो लावतात आणि मग कार्ड वरच्या क्लॉकवरून खाली येत नाही.

अकोलेकर

करून पाहिलं, आकडे देतो. दोन्ही मॉनिटर ६० वर: मेमरी क्लॉक लगेच पडला, १०० च्याही खाली. मग मोठा १२० वर, लहान ६० वर: तरीही खालीच राहिला. १४४ केला की परत १९९०. वॅट ३४ वरून ११. झिरो आरपीएम मुद्दाम परत चालू करून अर्धा तास थांबलो: ४४ अंश, पंखे बंद, खोली तीच ३४. म्हणजे पंखे ३० टक्क्यांवर ठेवून जे मिळत होतं, त्याहून एक अंश कमीच.

तेव्हा पहिल्या पोस्टमधलं ‘प्रत्येकाने पहिल्याच दिवशी बंद करावं’ हे मी मागे घेतो. आधी वॅट बघायला हवे होते.

खटपट्या

२३ वॅट वाचले. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ६९ युनिट.

तापमापी

अकोलेकर, आता एक शेवटची मोजणी करा. दुपारी तीनला, लाइट जाऊन कूलर बंद पडतो तेव्हा, इन्व्हर्टरवर. खोली ३९-४० ला गेली की ते ४४ चं किती होतं ते कळवा. माझा मुद्दा तिथे आहे.

अकोलेकर

आज मोजलं. दोन ते चार लाइट नव्हती, खोली ३९ वर गेली. कार्ड ५०, पंखे बंदच. पण एडिटिंग सुरू केल्यावर ते वर चढतं आणि थांबवल्यावर खाली यायला पूर्वीपेक्षा फार वेळ घेतं, हेही तितकंच खरं. म्हणून मृगाचा पाऊस पडेपर्यंत पंखे २५ टक्क्यांवर ठेवतोय, त्यानंतर झिरो आरपीएम. आणि पेचकस, कूलर समोरच्या खिडकीत हलवलाय. ब्लोअर मारला तर पात्यांतून बऱ्यापैकी करडा थर निघाला, एका वर्षात.