मदत हवी आहे: नोलन रायनच्या कार्डावरची सही खरी की नुसती गंमत?

मंडळी, न्यू जर्सीत राहतो. क्रिकेटवर वाढलेला माणूस, पण मुलामुळे बेसबॉलच्या नादी लागलो. गेल्या रविवारी एका गराज सेलमध्ये टॉप्स या कंपनीचं, बेसबॉल खेळाडूंचे फोटो असलेल्या संग्रहातलं १९६८चं १७७ नंबरचं कार्ड मिळालं. तेच, न्यूयॉर्क मेट्स संघाच्या दोन नवख्या पिचरांचं (बेसबॉलमधले गोलंदाजच म्हणा): डावीकडे जेरी कूझमन, उजवीकडे नोलन रायन. पुढे ५७१४ स्ट्राइकआउट्स (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) आणि ७ नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न दिलेले सामने) करणारा रायन!

कार्ड खरं असावं. गोणपाटासारखी कड आहे, कोपरे मऊ झालेत. प्रश्न रायनच्या फोटोवरच्या निळ्या सहीचा. भिंगातून बघितलं तर छपाईचे ठिपके शाईखाली दिसतात, म्हणजे सही छापील नाही. पण रेघ सगळीकडे एकाच जाडीची, कुठे दाब नाही की घाई नाही. हात अडखळत चालवल्यासारखी वाटते, तिथेच पाल चुकचुकली. विकणाऱ्याने सोबत ‘अस्सल’ असा कागद दिलाय, पण तो त्याने घरीच छापलेला दिसतो, त्यामुळे त्याला मी शून्य किंमत देतो.

सह्या तपासून देणाऱ्या कंपन्यांपैकी पीएसए की जेएसए, कुणाकडे पाठवू? फक्त सहीची तपासणी करून घ्यावी की कार्डाचा दर्जाही? कोपरे असे असताना दर्जाचे पैसे वाया जातील असं वाटतं. आणि सही खोटी निघाली, तर न सही केलेल्या कार्डापेक्षाही याची किंमत कमी होणार ना? शाई पुसायचा सल्ला एकाने दिलाय, पण मला धीर होत नाही. कुणी केलंय का असं?