मदत हवी आहे: वाचनालयाच्या नव्या इमारतीत उजेड आणि आवाज

नमस्कार मंडळी,

कोथरूडमधल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाची तीन मजली नवी इमारत बांधायची आहे. पुस्तकांच्या रॅकसाठी भारतीय मानकानुसार चौरस मीटरला किमान ६ किलोन्यूटन (साधारण ६०० किलो वजनाइतका) भार धरावा लागतो, घरातल्या खोलीच्या तिप्पट. म्हणून ग्रंथसंग्रह तळमजल्यावर, हे ठरलं.

अडलंय ते उजेडापाशी. प्लॉटची लांब बाजू पश्चिमेला आहे आणि आर्किटेक्टनी तिथे अखंड काच दाखवली आहे. सिॲटलचं २००४ चं काचेचं ग्रंथालय मलाही फार आवडतं, पण पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी चारला त्या काचेशेजारी कोण वाचत बसेल? अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांनी एक्सेटरच्या ग्रंथालयात पुस्तकं आत आणि वाचायच्या जागा खिडक्यांलगत ठेवल्या. तसं आपण उत्तरेच्या बाजूला करावं का? पश्चिमेला उभे लूव्हर्स (ऊन अडवणाऱ्या तिरप्या पट्ट्या) बरे की विटांची जाळी? जाळीतून पावसाची झड आत येते का?

दुसरं, बालविभाग आणि अभ्यासिका. एमपीएससीची मुलं रात्रीपर्यंत बसतात, त्यांना शांतता हवीच. पण लहानग्यांनी मोठ्यानं गोष्टी वाचाव्यात हेही मला मनापासून हवंय. वेगळे मजले केले तरी मधल्या जिन्यातून आवाज चढतो, तो कसा अडवायचा?

अशी इमारत कुणी बांधली किंवा वापरली असेल तर कृपया सांगा. नकाशे मंजुरीला जायचे आहेत.