मदत हवी आहे : 'सेट' हा इंग्रजी शब्द कसा शिकवू?

नमस्कार. नागपूरला महाल भागात मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. सध्या 'सेट'पाशी अडलोय. कपबशांचा सेट त्यांना ठाऊक आहे. पण सूर्य सेट होतो, सिमेंट सेट होतं, डॉक्टर मोडलेलं हाड सेट करतात, सर पेपर सेट करतात म्हटलं की गोंधळतात बिचाऱ्या. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या मोठ्या कोशात या शब्दाचे चारशेहून जास्त अर्थ आहेत, मग गोंधळ होणारच! त्यात भूतकाळातही रूप तेच.

मला पाठांतर नको आहे. 'बसवणे, ठेवणे' हा धागा धरून हाड, पेपर, टेबल समजावता येतं, सूर्य मात्र त्यात येत नाही. आणि 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणं, हे कसं जोडायचं? शिकवणाऱ्यांनी सांगा ना, तुम्ही सुरुवात कोणत्या वाक्यांपासून करता?