अनुभव धागा: जुनं चाक घ्यायच्या आधी काय काय मोजून बघता?

सोयाबीन विकून पैसे आले की आपल्या मराठवाड्यात मोटारसायकलींची कामं निघतात. कुणाला तारेची चाकं काढून अलॉय टाकायची असतात, कुणाची रिम खड्ड्यात वाकलेली असते. नव्या जोडीचा भाव ऐकला की पाय आपोआप भंगाराच्या दुकानाकडे वळतात. तिथलं उत्तर ठरलेलं: "बसतंय की! सगळ्याला बसतंय."

ते खरंच बसेल का, हे पैसे मोजण्याआधी तुम्ही कसं बघता ते इथे लिहा. 'ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या' एवढ्यावर थांबू नका. तो मेकॅनिक नेमकं काय बघतो, ते हवंय.

सुरुवात माझ्यापासून. अलॉयवर आकडे ओतलेले असतात, 1.60 x 18 किंवा 2.15 x 17 असे. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. वर चिखल आणि ग्रीसचा थर असतो, चिंधीने घासल्याशिवाय दिसत नाहीत. दुकानदार टेप लावून दाखवतात ते मी बघतच नाही, कारण टेप काठापासून काठापर्यंत धरतात. 18 ची रिम अशी मोजली की 19 च्या थोडी वरच भरते. टायरची कड आत ज्या बैठकीवर बसते, तिथला व्यास म्हणजे साइज.

अंबाजोगाई, गॅरेज

साइज जुळली म्हंजी चाक बसलं असं नसतंय. माझ्याकडं कुणी विचाराय आलं की मी त्याच्याच गाडीचा एक्सल, म्हंजी चाकातनं आरपार जाणारा दांडा, काढून पिशवीत घालून देतो. भंगारात उभं राहून तो बेअरिंगातून घालून बघायचा. हातानं सरळ गेला पायजे, अन् गेल्यावर हलला नाय पायजे.

दुसरं, बेअरिंगच्या कडंवर नंबर असतोय तो वाचा. 6301 असंल तर आतलं भोक 12 मिलिमीटर. 6202 अन् 6302 दोन्हीचं आतलं 15, पण बाहेरून एक 35 अन् दुसरं 42. हे ठावं असलं की कधी कधी काम स्वस्तात होतंय. हबात, म्हंजी चाकाच्या मधल्या गाभ्यात, 6202 हाय अन् तुमचा एक्सल 17 चा, तर 6003 टाकायचं. ते बी बाहेरून 35 च, आतून 17. जाडी तेवढी 1 मिलिमीटरनं कमी, तितकी चकती द्यायची.

आता खरी गोम. हबच्या पोटात, दोन बेअरिंगच्या मधी एक पाईप असतोय, डिस्टन्स बुश. भंगारातल्या चाकात लई वेळा तो नसतोच, बेअरिंग काढताना कुणीतरी फेकलेला असतोय. भोकात बॅटरी मारून बघा, पाईप दिसला पायजे. तो नसला अन् वरून नट आवळला की दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या एकमेकीकडं ओढल्या जातेत. स्टँडवर चाक जड फिरतंय, रस्त्यावर बेअरिंग तापून खलास.

पुढचं चाक ड्रमवालं असंल तर ब्रेक प्लेटवरची खाच बघितल्याशिवाय पैशाला हात लावू नका. शॉकअपच्या नळीला एक ठोकळा असतोय, तो त्या खाचेत बसतोय, म्हणून ब्रेक दाबल्यावर प्लेट जागची हलत नाय. खाच जुळली नाय तर प्लेट चाकासंगं फिरती, केबल गुंडाळती अन् माणूस हँडलवरून पुढं. "तार बांधून घ्या" म्हणणारे बी भेटतेत. त्यांच्याकडून चहा प्यावा, चाक घेऊ नये.

सेलू, दूधवाटप

दोन्ही बाजूला कॅन लावून पाणंदीनं जावं लागतं, त्यामुळे मी तारेचंच चाक वापरतो. अलॉयला तडा गेला की संपलं, तार तुटली तर तार बदलता येते. घेताना स्क्रू ड्रायव्हरने एकेक तार वाजवून बघतो. आवळलेली टणकन वाजते, ढिली बद्द. तारा आवळायचे निपल गंजून रिमेला धरलेले असतील तर ती रिम सोडून द्या, आउट (चाकाचा वाकडेपणा) काढताना तारा तुटणारच. आणि रुंद टायरच्या मोहात पडू नका. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्डात भरते आणि गाडी जागेवरच उभी राहते.

नांदेड

18 ची काढून 17 ची टाकली की गाडी बुटकी होते, असं सगळे धरून चालतात. पण उंची ठरते टायरसकट. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचे इंच. स्प्लेंडरचा 80/100-18 घ्या: रिम 457 मिलिमीटर, वर-खाली 80-80, म्हणजे 617. आता 100/90-17: रिम 432, वर-खाली 90-90, झाले 612. जवळपास सारखेच. मात्र टायर 20 मिलिमीटरने रुंद, म्हणजे चिमट्यात (मागचं चाक दोन्हीकडून धरणाऱ्या दांड्यांत) दोन्हीकडे 10-10 ची जागा जास्त लागणार. चेनच्या बाजूला ती असते का, ते आधी बोट घालून बघा.

तेच 80/100-17 घातला तर 592 होतात. पुढच्या चाकावर मीटरची केबल असेल तर काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी 58 च्या आतच असेल.

आणि 'पल्सरचं चाक आहे' म्हटलं की साल विचारायचं. 2001 ची पहिली पल्सर 18 इंचांवर होती, 17 ची अलॉय 2005 ला आली. पल्सर म्हणून घेतलं आणि भलत्याच सालचं निघालं, असं आमच्या गल्लीतच झालंय.

वाळूज, टर्नर

नांदेडकरांनी टायरचं बरोबर सांगितलं, पण मागच्या चाकात खरा घोळ चेनच्या लाइनचा. आमच्याकडे लेथवर निम्मी चाकं त्याच कामाला येतात. गाडीवरच्या चाकाचं माप आधी घ्यायचं: चिमट्याच्या आतल्या बाजूपासून स्प्रॉकेटच्या (चेन बसते त्या दातेरी चकतीच्या) दातापर्यंत किती, आणि रिमेच्या मध्यापर्यंत किती. भंगारातल्या चाकावर बुशासकट (एक्सलवर चाक आणि चिमट्यामधली जागा भरणाऱ्या नळीसकट) तीच दोन मापं काढायची. बुश कमी-जास्त करून एक माप जुळवता येतं. स्प्रॉकेट जुळवताना रिम मध्यातून सरकली, की पुढचं-मागचं चाक एका रेषेत राहत नाही. अलॉय असेल तर तिथेच नाद सोडायचा. तारेचं असेल तर रिम थोडी सरकवता येते, पण थोडीच.

स्प्रॉकेटवर चेनची साइज 428 की 520 तेही बघा, एकाची चेन दुसऱ्यावर चालत नाही. हब रबर, म्हणजे चेनचा झटका झेलणारे हबमधले रबरी तुकडे, हाताने दाबून बघा. कडक झाले असतील तर त्यांचा खर्च भावातून कमी करून मागा.

परतूर

बिल घ्या, शिक्का मारलेलं. 'न बसल्यास परत' हे त्यावर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचं चाक निघालं तर दुकानदार ओळख दाखवत नसतो.

उदगीर

वरचं सगळं वाचलं. माझ्या भाच्याची 150 सीसी आहे, 2020 ची, पुढे डिस्क आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). त्याला जुनं अलॉय मिळतंय, त्याच मॉडेलचं पण 2017 चं. एक्सल जातोय म्हणे. घ्यावं का?

अंबाजोगाई, गॅरेज

ताई, एप्रिल 2019 पासनं 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. 2017 च्या चाकाला बहुतेक रिंग नसणारच. डिस्कपाशी खाचाखाचांची जी पातळ चकती असती ना, ती रिंग. त्या खाचा मोजूनच सेन्सरला चाकाचा वेग कळतोय.

भाच्याला म्हणावं, आपली डिस्क प्लेट अन् रिंग खोलून सोबत ने. त्या हबवर लावून बघ, बोल्टाची भोकं जुळली पायजेत अन् रिंग बसायला जागा पायजे. दुसरी रिंग विकत घ्यायची असंल तर खाचा मोजून घ्या, आपल्या रिंगेवर जितक्या तितक्याच. खोलताना स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेली, वाकडी रिंग फुकट दिली तरी नको. बसवल्यावर चावी लावली की एबीएसचा दिवा लागतोय, गाडी जरा पुढं गेली की विझतोय. नाय विझला तर सेन्सर अन् रिंगमधलं अंतर बघा.

125 च्या आतल्या ड्रमवाल्यांनी बी एक बघा. 2019 नंतरच्या बऱ्याच गाड्यांना मागचा ब्रेक दाबला की पुढचा बी लागतोय, त्याची जादा केबल पुढच्या प्लेटवर असती. जुन्या चाकाच्या प्लेटवर ती जोडाय जागा नसती. ड्रम दोन्हीचा 130 चा असंल तर आपलीच प्लेट काढून त्यात टाकून बघायची.